एक लहानसा बदल

तिच्या धंद्यातली माणसं पाठीमागे तिला कात्री म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. कामच तसं होतं तिचं. एखाद्या कंपनीत एखादा प्रोग्राम नुसता दाखवायला म्हणून घाईघाईत उभा राहतो. बघणाऱ्यांना आवडतो, मग तोच वापरात जातो. त्याच्यावर ठिगळं चढत राहतात, आणि एक दिवस कुणालाच कळेनासं होतं की हे प्रकरण आता सांभाळायचं की फेकून देऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. मग तिला बोलावणं यायचं. ती यायची, दोन दिवस बसायची आणि सांगून जायची, ठेवा किंवा टाका. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. नऊ वर्षांत तिनं एकोणीस ठिकाणी ‘टाका’ सांगितलं होतं आणि चार ठिकाणी ‘ठेवा’. ज्यांचं टाकलं त्यांच्यातलं कुणी तिला पुन्हा फोन करत नसे. तिला त्याचं काही वाटतही नसे.

तिची परीक्षा साधी होती. ती कागदपत्रं मागायची नाही, आकृत्या बघायची नाही. ज्यानं प्रोग्राम लिहिलाय त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, “एक लहानसा बदल करून दाखवा.” शितावरून भाताची परीक्षा. बदल ऐकून माणूस खुर्चीत पुढे सरकला, तर प्रोग्राममध्ये अजून धुगधुगी आहे. मागे टेकला, छताकडे बघून “तसं सोपंच आहे, पण...” म्हणाला, की निकाल लागला. उरलेले दोन दिवस ती फक्त खात्री करून घ्यायची.

या खेपेला बोलावणं आलं ते फरशांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर असलेल्या एका छोट्या कंपनीकडून. ही कंपनी रक्तपेढ्यांसाठी प्रोग्राम करायची. कुठल्या गटाच्या किती पिशव्या कुठल्या फ्रीजमध्ये आहेत, कुठली कधी बाद होणार, कुठल्या दवाखान्याला किती गेल्या, एवढं सगळं पडद्यावर दिसायचं. तीन रक्तपेढ्या तो वापरत होत्या. महिन्याभरापूर्वी त्यातल्या एकीत पडद्यावर दोन पिशव्या दिसत होत्या आणि फ्रीजमध्ये एकही नव्हती. ऑपरेशनला आत नेलेल्या एका बाईला तीन तास ताटकळत ठेवावं लागलं. बाई वाचली, पण रक्तपेढीचे प्रमुख खवळले. काय चुकलं आणि कोणाचं चुकलं, हे त्यांनी लेखी मागितलं.

कंपनीचे मालक चाळिशीचे, गोड बोलणारे, समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची सवय असलेले. फोनवर ते म्हणाले होते, “ज्यांनी लिहिलंय ते वयानं मोठे आहेत, मॅडम. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. तेव्हा जरा...”

“माझ्याकडे सगळ्यांना माप एकच,” ती म्हणाली.

“तेच हवंय मला,” मालक म्हणाले.

सकाळी ती जिना चढून वर गेली. खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेल्या माणसानं मान वळवली. केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते, पण मान वळवायची पद्धत तीच. तिला कॉलेजात शिकवायचे ते सर.

“सदतीस,” सर म्हणाले. नाव नाही, हजेरीचा नंबर. बावीस वर्षांनी.

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं पाच आठवडे खपून ग्रंथालयाची पुस्तकं देण्याघेण्याचा एक प्रोग्राम लिहिला होता. द्यायच्या आदल्या दिवशी सर वर्गात आले, “सदतीस नंबर, ऊठ” म्हणाले, तिच्या मशीनवर बसले, आणि साऱ्या वर्गादेखत तो प्रोग्राम पुसून टाकला. “पहिल्यांदा लिहिलेलं ठेवायचं नसतं. पुन्हा लिही,” एवढंच बोलले आणि निघून गेले. पोरी हसल्या, पोरं हसली. तिनं पाणी प्यायलं, खाली मान घालून बसली आणि एका दिवसात सगळं पुन्हा लिहिलं. दुसरं खरोखरच पहिल्यापेक्षा सरस झालं. तेव्हापासून तिची पक्की समजूत होती की सरांनी तिचा प्रोग्राम वाचला होता, त्यात आत कुठंतरी सडलेलं त्यांना दिसलं होतं, आणि इतरांचं जाऊ देऊन त्यांनी मुद्दाम तिला निवडलं होतं. तिचा सगळा धंदा त्या एका दिवसावर उभा होता. सभासमारंभात, नव्या लोकांना शिकवताना, ती ही गोष्ट सांगायची. सांगताना तिचा आवाज बदलायचा.

तिनं खुर्ची ओढली आणि सरांच्या शेजारी बसली. मागे टीममधली चौघं आपापल्या पडद्यांत डोकं घालून कान इकडे लावून होती.

“सर, रक्तदात्याचा एकच फोन नंबर घेता येतो. दोन घेता आले पाहिजेत. एवढा लहानसा बदल.”

सर मागे टेकले नाहीत, छताकडेही बघितलं नाही. म्हणाले, “यात दिवस जाईल. तुला चालेल?”

असं उत्तर तिला नऊ वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

सरांनी सुरुवात केली. एक फोन नंबर, पण तो प्रोग्राममध्ये सात ठिकाणी लिहिलेला निघाला. सहा आठवड्यांत उभं केलेलं काम, मागाहून ज्याला जिथं सोयीचं वाटलं तिथं त्यानं त्यात भर घातलेली. दोन ठिकाणी बदल केल्यावर दात्यांची यादी कोरी दिसायला लागली. ती दुरुस्त केली तर दात्याच्या वयाच्या जागी फोन नंबर आला, आणि पडद्यावर एक गृहस्थ नऊशे नव्वद कोटी वर्षांचे झाले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सरही हसले. “पेन्शन बुडालं असतं बिचाऱ्याचं,” म्हणाले.

साडेबाराला तिचा निकाल तयार होता. टाका. यात दुमत व्हायला जागाच नव्हती. प्रत्येक बदलाला तीन नवे बिघाड होत असले, तर दुरुस्त करत बसणं म्हणजे फाटक्या गोधडीला आणखी फाटकी ठिगळं लावणं. पण सकाळभर शेजारी बसून तिला दुसरंही काही दिसलं होतं. या गचाळ पसाऱ्यात मधूनमधून असे काही नियम होते, की ज्यांना रक्तपेढीत उभं राहून दिवस काढल्याशिवाय कुणी लिहूच शकलं नसतं. पिशवी बाहेर जाऊन अर्ध्या तासानं परत आली तर यंत्र ती पुन्हा जमा करून घेत नव्हतं. ओ निगेटिव्हच्या शेवटच्या दोन पिशव्या अडीअडचणीसाठी राखून ठेवून पडद्यावर दाखवतच नव्हतं. तिनं मनातल्या मनात अहवाल लिहिलाही. प्रोग्राम टाका, पण नियम ठेवा, आणि नवा लिहिताना या माणसाला मधोमध बसवा. आपण सरांना वाचवतोय, या विचारानं तिला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं.

जेवायला ती दोघं मागच्या खोलीत बसली. सरांनी डबा उघडला, निम्मं तिच्याकडे सरकवलं. तिनं विचार केला, आता नाही तर कधी.

“सर, मी आज जी काही आहे ती तुम्ही माझा तो प्रोग्राम पुसलात म्हणून.”

“हो का.”

“मला एकच विचारायचं होतं. इतकी वर्षं मनात आहे. तुम्हाला त्यात नेमकं काय दिसलं होतं?”

सरांनी घास पुरा चावला. “त्यात म्हणजे?”

“माझ्या प्रोग्राममध्ये. म्हणजे चाळीस जणांमधून माझाच पुसलात, तर...”

“मी कुठं वाचला होता तो?” सर म्हणाले. अगदी सहज, मीठ मागावं तसं. “दर वर्षी एकाचा पुसायचो. वर्गाला धाक बसायचा. हजेरीपट उघडायचा, डोळे मिटून बोट ठेवायचं. त्या वर्षी सदतीसवर पडलं. म्हणून तर नंबर लक्षात राहिला.”

तिनं डब्याचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं.

“चांगला असेलही तुझा,” सर म्हणाले. “आता काय कळणार. घे ना, तू काहीच घेतलं नाहीस.”

तिनं घेतलं आणि खाल्लं. तोंडात माती होती की अन्न, हे तिला कळत नव्हतं. सरांच्या बोलण्यात खोट नव्हती, खुन्नस नव्हती. ते खरं बोलत होते, आणि त्या खऱ्याची समोरच्याला काय किंमत पडते याचा त्यांना पत्ताही नव्हता. तिला वाटलं, ओरडले असते, हिणवलं असतं, तरी चाललं असतं. बावीस वर्षं ज्या माणसाच्या नजरेत आपण भरलो असं ती समजत होती, त्या माणसानं त्या दिवशी डोळे मिटले होते.

हात धुऊन ती बाहेर आली आणि सरांच्या शेजारी न बसता आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रामच्या फाइली उघडून बसली. अगदी पहिली फाइल तिनं सकाळी पाहिली नव्हती. ती उघडली. वर, पहिल्या ओळीच्याही आधी, सरांनी मराठीत लिहून ठेवलं होतं:

‘हा नमुना आहे. सहा आठवड्यांत, दाखवण्यापुरता केला आहे. यातून जे शिकायचे ते शिकून झाले की टाकून द्यावा. यावर खरी रक्तपेढी चालवू नये. मालकांना आज तोंडी सांगितले.’ खाली तारीख, चौदा महिन्यांपूर्वीची. त्याखाली दुसरी तारीख, ‘पुन्हा सांगितले.’ त्याखाली तिसरी, ‘पुन्हा सांगितले. हो म्हणाले.’ ही तिसरी तारीख ती पिशव्यांची भानगड झाली त्याच्या बरोब्बर नऊ आठवडे आधीची होती.

तिनं ते दोनदा वाचलं. या तीन तारखा समोर ठेवल्या की सगळं प्रकरण पाच मिनिटांत उलटं फिरत होतं. चूक लिहिणाऱ्याची नव्हतीच. लिहिणारा तर बेंबीच्या देठापासून ओरडत होता की हे टाका.

तिनं सरांकडे पाहिलं. सर आपल्या पडद्याकडे बघत होते. तिनं फाइल बंद केली.

“चला सर, पुढचं बघू,” ती म्हणाली. “मालकांनाही बोलवा. आणि तुम्ही चौघं, इकडे या. लांबून काय दिसणार?”

दुपारचं जे झालं त्याची गरज नव्हती. तिलाही ते माहीत होतं. निकाल साडेबाराला लागलेला होता. पण तिनं पाच माणसं सरांच्या खुर्चीमागे उभी केली, आणि तो फोन नंबरचा बदल सरांकडून सहा वाजेपर्यंत करून घेतला. काही बिघडलं की ती म्हणायची, “का बिघडलं ते जरा सगळ्यांना समजावून सांगा.” सर समजावून सांगायचे. मग ती म्हणायची, “म्हणजे हे तुम्हाला लिहितानाच कळायला हवं होतं.” सर म्हणायचे, “हो.” चार वाजता सरांची बोटं चुकायला लागली. साध्या शब्दाची अक्षरं मागेपुढे व्हायला लागली. टीममधल्या एकीनं हळूच म्हटलं, “मॅडम, थोडा चहा घेऊ या का?”

“होऊ दे एवढं,” ती म्हणाली. “सर, हे पुसा. पुसा आणि पुन्हा लिहा.”

सरांनी पुसलं. पुन्हा लिहिलं. त्यांच्या मानेवर घामाची रेघ उतरत होती आणि पंखा डोक्यावरच होता. पाच माणसांत एक अवघडलेली शांतता होती, लग्नघरात मोठ्या माणसाचं धोतर सुटल्यावर असते तशी. सगळ्यांना दिसतं, कुणी बोलत नाही. तिला मात्र स्वच्छ वाटत होतं. अंगातून ताप उतरल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत बैठक झाली. मालक, सर आणि ती. तिनं सांगितलं, प्रोग्राम टाका, नव्यानं सुरू करा, एक ओळही उचलू नका. कारणं सांगितली. सगळी खरी होती.

“आणि हे असं झालं कसं?” मालकांनी विचारलं. “म्हणजे, रक्तपेढीला मला काहीतरी...”

ती क्षणभर थांबली. फार नाही. रस्ता ओलांडण्याआधी माणूस थांबतो तेवढीच.

“नमुना कुठला आणि वापरायचा माल कुठला, हे लिहिणाऱ्याला कळायला हवं,” ती म्हणाली. “इथं ते कळलेलं दिसत नाही.”

मालकांनी सरांकडे वळून विचारलं, “सर, तुम्हाला काही सांगायचंय?”

सर तिच्याकडे बघत होते. वर्गात प्रश्न विचारल्यावर बघायचे तसे. घाई नाही, मदत नाही, नुसती वाट बघणं. ती नजर तिनं चुकवली नाही, पण तिच्या हातातलं पेन टेबलावर घरंगळलं आणि उचलायला तिला खाली वाकावं लागलं.

“नाही,” सर म्हणाले. “मॅडमनी सगळं वाचलंय.”

त्याच आठवड्यात सरांना निरोप मिळाला. रक्तपेढीला पत्र गेलं, की संबंधित व्यक्तीला कामावरून दूर करण्यात आलं असून प्रोग्राम नव्यानं लिहिला जात आहे. टीममधल्या त्या मुलीनं नंतर सांगितलं, की सरांनी आपलं सामान एका कापडी पिशवीत भरलं, चौघांच्या टेबलांशी जाऊन प्रत्येकाला त्याच्या कामातली एकेक चूक सांगितली, आणि गेले.

बारा दिवसांनी मालकांचा तिला फोन. नवा प्रोग्राम तिनंच करून द्यावा, टीम तिच्या हाताखाली देतो. ती भेटायला गेली. दोन रात्री तिला धड झोप नव्हती. सांगून मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं.

“त्याआधी एक बोलायचंय,” ती म्हणाली. “माझ्या अहवालात एक गोष्ट राहिली. पहिल्या फाइलमध्ये वर...”

“ती टीप ना?” मालक म्हणाले. “काढून टाकली मी.”

“म्हणजे तुम्ही ती वाचली होती?” ती म्हणाली.

“सरांनी मला तीनदा सांगितलं होतं, मॅडम. नाही कशाला म्हणू? पण लोक वापरायला लागले होते, कौतुक होत होतं. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार? आणि मग ती भानगड झाली. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटणारच होतं. माझ्या फुटलं असतं तर कंपनीच बुडाली असती, चार घरं उघड्यावर आली असती.” ते पुढे वाकले. “तुमच्याआधी दोघांना बोलावलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी ती टीप माझ्यासमोर नाचवली. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. न सांगता समजलं तुम्हाला. अशी माणसं मिळत नाहीत हो.”

त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. आपण सूड घेतला असं तिला वाटत होतं, आणि ती तर नुसती भाड्याची कुऱ्हाड निघाली होती. तिनं विचार करायला दोन दिवस मागितले, आणि दुसऱ्याच दिवशी हो कळवलं. काम चांगलं होतं. नाही म्हणून सरांना नोकरी परत मिळणार होती थोडीच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

नवा प्रोग्राम झपाट्यानं उभा राहिला. स्वच्छ, नीटनेटका, फोन नंबर एकाच ठिकाणी. तिसऱ्या आठवड्यात एका रक्तपेढीत तो जुन्याच्या शेजारी ठेवून चालवून पाहिला, तर सकाळी साडेसातला त्यानं चाळीस पिशव्यांच्या ऐंशी मोजल्या. शोधाशोध केली. जुना प्रोग्राम सात ते साडेसात कसलीच नोंद घेत नव्हता. का, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मूर्खपणा समजून तिनं आणि टीमनं तो नियम वगळला होता. मग असले आणखी अकरा नियम सापडले. यांतले कुठले शहाणपणाचे आणि कुठले खरंच चुकून राहिलेले, हे टीममध्ये कुणाला सांगता येईना.

“ते सरांनाच ठाऊक,” ती मुलगी म्हणाली. म्हणून झाल्यावर तिनं जीभ चावली.

शनिवारी ती सरांच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, पहिला मजला, दाराला साखळी. दार सरांच्या बायकोनं उघडलं. त्या दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बघताक्षणी त्यांनी तिचा हात धरला.

“सदतीस नंबर ना तू? ये ग बाई, ये. ह्यांनी सगळं सांगितलंय.”

तिनं हात सोडवून घ्यायला बघितलं. पण काकू तिला आत नेऊन खुर्चीवर बसवत बोलतच होत्या. “म्हणाले, माझीच विद्यार्थिनी आली आणि तिनं सगळं हातात घेतलं. आता माझी तिथं गरज नाही, मीच होऊन बाहेर पडलो. इतक्या समाधानानं बोलले ना, इतकी वर्षं शिकवलं त्याचं चीज झालं म्हणाले. नाहीतर ह्या माणसाच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकलंय का कुणी?”

सर पलीकडच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि म्हणाली, “सरांनी खूप शिकवलं आम्हाला.”

“प्रश्न काय आहे तुझा?” सरांनी विचारलं.

तिनं सात ते साडेसातचं विचारलं. सरांनी वही घेतली आणि शांतपणे समजावून सांगितलं. सातला पाळी बदलते. रात्रपाळीवाला जाताना पिशव्या मोजून नोंदवतो आणि सकाळचा आला की त्याच पिशव्या पुन्हा नोंदवतो, कारण दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही. सांगून बघितलं, ऐकत नाहीत. म्हणून यंत्रानंच अर्धा तास कान बंद करायचे. उत्तर पूर्ण होतं, स्पष्ट होतं, आणि विचारलं त्याच्यापुढे एक शब्दही नव्हता. त्यांनी वही मिटली. तिनं दुसरा प्रश्न काढला, तेव्हा म्हणाले, “एका दिवशी एक. नाहीतर डोक्यात राहत नाही. पुढच्या शनिवारी ये.”

ती जात राहिली. जायलाच लागत होतं. सुरुवातीला बारा प्रश्न होते, उत्तरांतून आणखी निघाले. एकूण सोळा शनिवार. दर शनिवारी काकू तिचं मनापासून स्वागत करायच्या, दर शनिवारी तिचं कौतुक करायच्या, तिची आई कशी आहे विचारायच्या. शेजारची एखादी आली असली तर तिला ओळख करून द्यायच्या, “ही ह्यांची विद्यार्थिनी. ह्यांची जागा हिनं घेतली, पण बघा, विचारायला अजून येते. आजकाल कोण येतं?” सर शेजारी बसून ऐकायचे. एकदा चहा ओतता ओतता काकू म्हणाल्या, “ह्यांना थोडं काम असतं तर बरं झालं असतं ग. दिवसभर खिडकीशी बसतात. तिथं काही असलं तर बघशील?” “विचारते,” ती म्हणाली. विचारलं नाही. मालक काय म्हणणार, ते तिला पाठ होतं.

नवव्या शनिवारी काकू बाजारात गेल्या होत्या. दोघंच होती. तिनं वही उघडली नाही.

“सर, ती टीप मी त्या दिवशी दुपारी वाचली होती.”

“प्रश्न काय आहे तुझा?”

“हा प्रश्न नाहीये. मला सांगायचंय...”

“मग पुढच्या शनिवारी ये,” सर म्हणाले आणि उठून आत गेले. “प्रश्न घेऊन.”

तो आठवडा तिचा फुकट गेला.

सोळा शनिवारांत सगळे नियम गोळा झाले. नवा प्रोग्राम तिन्ही रक्तपेढ्यांत लागला आणि एकही पिशवी चुकली नाही. महिना गेला, दोन गेले. रक्तपेढीच्या प्रमुखांनी मालकांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. मालकांनी त्याची चौकट करून भिंतीवर लावली. जुना प्रोग्राम एका सोमवारी सगळ्या मशीनवरून पुसला. बटण तिनं त्या मुलीला दाबायला सांगितलं.

त्यानंतर तिनं एक कागद लिहिला. रक्तपेढीच्या प्रमुखांच्या नावानं. नमुना टाकून द्यावा हे लिहिणाऱ्यानं तीनदा सांगितलं होतं, ते ऐकलं गेलं नाही, आणि अहवाल देणारीनं ते माहीत असून लपवलं. तिन्ही तारखा टाकल्या. टीप पुसलेली असली तरी त्या तिला तोंडपाठ होत्या. खाली सही केली. पाठवण्याआधी सरांना दाखवायचा म्हणून ती शनिवारी निघाली. हे पाठवलं की तिचा धंदा बसणार, हे तिला कळत होतं. कळत असूनही पाय उचलत होते.

काकूंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि तो ओशाळलेला होता.

“ह्यांनी विचारायला सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “काही प्रश्न आहे का तुझा?”

“नाही काकू. प्रश्न संपले. मला फक्त एक कागद...”

“मग म्हणाले, प्रश्न नसेल तर येऊ नको.” काकूंचा आवाज खाली गेला. “असं काय बोलतात कळत नाही बघ. मी भांडले आत्ता त्यांच्याशी. तुमचं दोघांचं काही बिनसलंय का? मला कुणी काही सांगत नाही.”

कागद तिच्या हातात होता. फटीतून सहज आत गेला असता. काकू तो वाचणार, मग त्यांना कळणार की नवरा समाधानानं बाहेर पडला नव्हता, त्याला काढलं होतं. ज्या पोरीला सोळा शनिवार त्यांनी हात धरून आत नेलं तिनंच काढायला लावलं होतं, आणि नवरा हे पोटात ठेवून रोज त्यांच्यासमोर जेवत होता. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर तिथंच होते, ऐकत.

“नाही काकू,” ती म्हणाली. “काही बिनसलं नाही.”

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या. त्यांचा त्यावर विश्वास बसलेला नव्हता. “आईला सांभाळ हं.”

दार लागलं. जिन्यावर तिनं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि खाली उतरली. तो तिनं कुणालाच पाठवला नाही.